मेंदिवे यांचा पाय आणि समीक्षकांची सोय

क्युबाचे चित्रकार मानुएल मेंदिवे यांच्याविषयी लिहायला बसणाऱ्याच्या हाताशी दोन तयार गोष्टी असतात. पहिली अशी, की 1944 साली हवानाच्या लुयानो या कामकरी वस्तीत जन्मलेले मेंदिवे सान्तेरिया, म्हणजे आफ्रिकी गुलामांनी क्युबात रुजवलेला धर्म, पाळणाऱ्या घरात वाढले आणि त्या घरातले देव, पक्षी, झाडे व पूर्वज पुढे त्यांच्या चित्रांत आले. दुसरी अशी, की 1968 साली, वयाच्या ऐन चोविशीत, एका गंभीर अपघातात त्यांच्या पायाला कायमचे अपंगत्व आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हरकत नाही. मात्र त्या एकमेकींना इतक्या सहज चिकटवल्या जातात, की वाचकाच्या मनात चित्र पाहण्याआधीच एक कथा तयार होते: नियतीने घाव घातला, परंपरेने सावरले, कुंचल्याने विजय मिळवला. ही कथा एकदा मनात बसली की समोरच्या लाकडी फळीवर टेम्पेरा रंगात काय रंगवले आहे हे पाहण्याचे फारसे कारण उरत नाही.

मेंदिवे यांच्या निमित्ताने मला एका सार्वजनिक प्रश्नाविषयी लिहायचे आहे. अपंगत्व असलेल्या कलावंताची ओळख संग्रहालयांनी, अकादम्यांनी आणि पुरस्कार देणाऱ्या समित्यांनी कशी करून द्यावी? माझे मत असे, की अपंगत्वाचा विचार संस्थेने आपल्या खर्चात, इमारतीत आणि वेळापत्रकात करावा. चित्राच्या अर्थात तो आपल्या मनाने मिसळू नये. आणि जिथे चित्रकार एखाद्या जिवंत धर्मपरंपरेतून काम करतो, तिथे तर हा विवेक जास्तच पाळावा लागतो, कारण शरीर, व्यंग आणि आजार यांविषयी त्या परंपरेचे स्वतःचे काही म्हणणे असते. ते बाजूला सारून आपली सहानुभूती पुढे करणे हा चित्रकारावरही अन्याय आहे आणि परंपरेवरही.

आधी कौशल्याचे बोलू. हवानाची सान अलेहांद्रो ही कला अकादमी 1818 साली स्थापन झाली. युरोपीय पद्धतीचे रेखांकन, शरीररचना, यथार्थदर्शन हे सारे तिथे शिकवले जाई. मेंदिवे 1963 साली तिथून चित्रकला आणि शिल्पकला शिकून बाहेर पडले. तरीही त्यांच्या चित्रांतल्या सपाट आकृती, एका बाजूने दिसणारे चेहरे, माणसातून उगवणारी झाडे आणि पक्ष्याला फुटलेली माणसाची अंगे पाहून त्यांना ‘आदिम’ किंवा ‘भाबडा’ चित्रकार म्हणणाऱ्यांची उणीव पडली नाही. यथार्थदर्शन शिकलेला माणूस जेव्हा ते सोडून देतो, तेव्हा तो निर्णय असतो, आणि त्या निर्णयाची कारणे शोधणे हे समीक्षकाचे काम आहे. पॅरिसच्या चित्रकाराने हेच केले की आपण त्याला आधुनिकता म्हणतो. लुयानोच्या कृष्णवर्णीय मुलाने केले की उपजत प्रेरणा म्हणतो. त्यात अपघाताची भर पडली, की उरलेसुरले कौशल्यही पुसले जाते, कारण आता चित्राचे श्रेय अर्धे रक्तातल्या परंपरेला आणि अर्धे सोसलेल्या दुःखाला जाते. अकादमीत घासलेल्या हाताला त्यात वाटा मिळत नाही.

‘ओया’ हे मेंदिवे यांचे चित्र 1967 चे आहे. सान्तेरियाच्या देवतांना, म्हणजे ओरिचांना, प्रत्येकी आपापले क्षेत्र असते. ओया ही वाऱ्याची, विजेची आणि स्मशानाच्या दाराची स्वामिनी. मेंदिवे यांच्या त्या काळातल्या कामात गडद रंग आहेत, खरवडलेले लाकूड आहे आणि मृत्यूची वर्दळ आहे. आता कल्पना करा, की कोणी या चित्राखाली तारीख न देता फक्त अपघाताची माहिती दिली. दहापैकी नऊ प्रेक्षक त्या अंधारात जखम पाहतील, आणि ते वाचन अगदी हृदयस्पर्शी वाटेल. प्रत्यक्षात अपघात त्यानंतरच्या वर्षातला आहे. आणि त्यानंतर मेंदिवे यांची रंगपेटी गडद न होता उजळत गेली. म्हणजे चरित्रातून चित्र काढण्याचा सोपा हिशेब इथे दोन्ही बाजूंनी चुकतो. 1968 याच वर्षी पॅरिसच्या ‘सलोन द मे’ या प्रदर्शनात मेंदिवे यांना आदाम मोंपार्नास पुरस्कारही मिळाला होता. एका वर्षातल्या या दोन घटनांपैकी कोणती वारंवार सांगितली जाते आणि कोणती विसरली जाते, यावरून आपली आवड कळते.

अशा कामाला लावले जाणारे ‘लोकपरंपरा’ हे विशेषण वरवर निरुपद्रवी वाटते, पण क्युबात त्यामागे बरेच राजकारण आहे. अटलांटिक ओलांडून क्युबात आणलेल्या गुलामांची संख्या सात-आठ लाखांच्या घरात जाते, आणि तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 साली. आजच्या नायजेरिया-बेनिनच्या भागातून आलेल्या योरुबा लोकांनी आपले देव कॅथलिक संतांच्या आडोशाने जपले: चांगो सांता बार्बराच्या, येमाया रेग्लाच्या माउलीच्या, ओचून कोब्रेच्या कारिदाद माउलीच्या. दीक्षा, उपवास, नैवेद्य, शकुन, गुरू-शिष्यांची वंशावळ असा सगळा पसारा असलेला तो धर्म आहे. 1959 च्या क्रांतीनंतर सरकारने त्याच्या संगीताला आणि नृत्याला रंगमंच दिला. राष्ट्रीय लोकनृत्य मंडळ 1962 साली उभे राहिले. ढोल, झगे, पदन्यास यांचे कौतुक झाले. मात्र श्रद्धा उघडपणे बाळगणाऱ्याला कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व मिळत नसे. ती अट 1991 च्या पक्ष अधिवेशनात गेली, आणि राज्यघटनेतला नास्तिकतेचा पुरस्कार जाऊन धर्मनिरपेक्षता आली ती 1992 साली. म्हणजे जवळपास तीन दशके एकाच गोष्टीला रंगमंचावर वारसा आणि घरात मागासलेपणा असे दोन दर्जे होते.

मेंदिवे यांनी या काळात कसे काम केले हे पाहण्यासारखे आहे. 1971 नंतरची काही वर्षे क्युबाच्या सांस्कृतिक जीवनात फार आवळलेली होती. त्या दशकात त्यांनी ‘मालेकोन’ (1975), ‘गुलामांचे जहाज’ (1976), ‘पालेंके’ (1976) अशी चित्रे केली. पालेंके म्हणजे पळून गेलेल्या गुलामांनी जंगलात वसवलेली वस्ती. विषय अधिकृत इतिहासाला मानवणारे होते, हाताळणी मात्र त्यांची स्वतःची. मला हा तडजोडीचा भाग वाटत नाही. ज्या देवांनी गुलामांच्या जहाजातून प्रवास केला, त्यांना त्या जहाजाच्या चित्रात जागा देणे हे इतिहासालाच धरून आहे. ‘लोककला’ म्हणून या चित्राची बोळवण करणारा समीक्षक नेमका हा इतिहास आणि हा धर्म दोन्ही चुकवतो.

आता शरीराविषयी. या परंपरेत अभंग, सुडौल देवांची पंगत नाही. ओसाइन हा वनस्पतींचा स्वामी. क्युबाच्या लेखिका लिदिया काब्रेरा यांनी हवाना आणि मातान्सास भागातल्या वृद्ध जाणकारांकडून गोळा करून 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत आणि आजही सांगितल्या जाणाऱ्या कथांत त्याला एकच पाय, एकच हात आणि एकच डोळा आहे. त्याचा एक कान भला मोठा, पण त्याने काही ऐकू येत नाही. दुसरा इवलासा, आणि त्याने फुलपाखराच्या पंखांची हालचालही ऐकू येते. या एकपायी देवाशिवाय एकही विधी पुढे सरकत नाही, कारण दीक्षेसाठी आणि शुद्धीसाठी लागणारे ‘ओमिएरो’ नावाचे पाणी ताजी पाने हातांनी चुरगाळूनच तयार होते आणि पाने ओसाइनची असतात. पाने तोडण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यायची, मोबदला ठेवायचा, मगच रानात हात घालायचा. त्याच्या एका पायाबद्दल कोणी हळहळत नाही. तो तसा आहे, आणि त्याच्याकडे काम आहे.

ओबाताला हा माणसांची शरीरे घडवणारा ओरिचा. योरुबा कथा सांगते, की एकदा ताडी पिऊन त्याने काम केले आणि त्या दिवशी हातून वाकड्यातिकड्या मूर्ती घडल्या. शुद्धीवर आल्यावर त्याने दारू कायमची सोडली आणि पाठीला पोक असलेले, वर्णहीन कातडीचे, चालू न शकणारे असे सारे लोक आपल्या विशेष आश्रयाला घेतले. आजही त्याचे भक्त मद्य वर्ज्य मानतात. या कथेत व्यंगाची जबाबदारी घडवणाऱ्याकडे जाते, ज्याला ते आहे त्याच्याकडे नाही, आणि घडवणारा ती नाकारत नाही. कर्मविपाकाच्या चौकटीत वाढलेल्या वाचकाने इथे थोडे थांबायला हवे.

तिसरा बाबालू अये, रोगांचा आणि बरे होण्याचा ओरिचा. कॅथलिक वेषात तो सान लासारो. चर्चला मान्य असलेला लाझारस हा बिशप आहे. लोकांचा लासारो मात्र लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टान्तातला भिकारी, अंगभर फोडांचा, दोन कुबड्यांवर उभा, पायाशी कुत्री. हवानाच्या दक्षिणेला एल रिंकोन इथे त्याचे देऊळ आहे, शेजारी कुष्ठरोग्यांचे जुने रुग्णालय. 16 डिसेंबरच्या रात्रीपासून तिथे माणसांचा लोंढा लागतो. तागाच्या गोणपाटाचे किंवा जांभळे कपडे घातलेली माणसे, कोणी गुडघ्यांवर, कोणी पोटावर सरपटत, कोणी घोट्याला साखळीने दगड बांधून तो फरफटत नेत, पुढे कोणीतरी झाडाच्या फांदीने रस्ता झाडतो आहे, हातात पेटती सिगार किंवा मेणबत्ती. धडधाकट माणसे त्या रात्री आपणहून देवाची चाल चालतात. ही गर्दी नास्तिकतेच्या सरकारी धोरणाच्या काळातही थांबली नाही.

या परंपरेला अपंगांच्या हक्कांचा जाहीरनामा म्हणून सजवण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. बाबालू अयेच्या कथेत त्याचा रोग ही शिक्षा आहे. ठरलेल्या दिवशी संयम न पाळल्याबद्दल ती झाली, आणि गावाने त्याला हाकलून दिले. पुढे तो अरारा लोकांच्या देशात जाऊन राजा झाला, पण आधी अंगावर पाणी फेकून हाकलणारी माणसे कथेत आहेतच. शकुन पाहणाऱ्याने आजाराचे मूळ कोणत्या तरी चुकलेल्या नवसात शोधावे, हेही तिथे नित्याचे आहे. तेव्हा परंपरा दयाळू आहे असा माझा दावा नाही. एवढेच म्हणतो, की व्यंग, रोग, शिक्षा, सामर्थ्य आणि काम यांचे तिने आपल्या परीने नाते लावले आहे, ते गुंतागुंतीचे आहे, आणि त्या घरात वाढलेल्या चित्रकाराला अपघात झाला तेव्हा त्याच्याजवळ विचार करायला ही सगळी सामग्री आधीपासून होती. ‘संकटावर मात’ या आपल्या दोन शब्दांपेक्षा ती कितीतरी श्रीमंत आहे.

मेंदिवे यांच्या कामातल्या नृत्याचे उदाहरण घेऊ. 1986 च्या दुसऱ्या हवाना द्वैवार्षिकी या कलाप्रदर्शनात त्यांनी नर्तकांची उघडी शरीरे रंगवून ती चित्रे चालती-नाचती केली. 2012 मध्ये, अकराव्या द्वैवार्षिकीच्या वेळी, हवानाच्या प्रादो या जुन्या हमरस्त्यावर रंगवलेल्या शरीरांची आणि मुखवट्यांची मिरवणूक निघाली. पायाला अपंगत्व आलेला चित्रकार नर्तकांना रंगवतो, म्हणजे आपल्याला न जमणारी हालचाल तो इतरांच्या देहातून मिळवतो, असे म्हणणे किती सुचण्यासारखे आहे! लिहिणाऱ्याला आपण काही तरी सूक्ष्म पकडल्याचा आनंदही मिळतो. पण सान्तेरियाची दीक्षा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कारण दुसरीकडे दिसते. दीक्षा घेणाऱ्याचे डोके भादरतात आणि त्यावर पांढरा, तांबडा, निळा, पिवळा अशा चार रंगांची एकात एक वर्तुळे रंगवतात, कारण ओरिचा डोक्यात बसवायचा असतो. रंगवलेले शरीर हे त्या धर्मात देवाचे आसन आहे, आणि ढोलावर नाचणाऱ्याच्या अंगात देव येणे ही विधीची परिपूर्ती. मेंदिवे यांनी शरीराला चित्रफलक केले ते या ज्ञानातून, असे मानायला भक्कम आधार आहे. पायाशी त्याचे नाते लावायला मात्र आपल्या तर्काखेरीज आधार नाही. खुद्द चित्रकाराने ते नाते सांगितले तर ते निमूट मान्य करावे. त्याने सांगितले नसेल तर आपण सांगू नये.

‘अपंग’ हे विशेषण कोणाला चिकटते आणि कोणाला नाही, हेही पाहण्यासारखे आहे. विफ्रेदो लाम हे क्युबाचे जगभर गाजलेले चित्रकार. 1902 साली साग्वा ला ग्रान्दे गावात जन्म, वडील चिनी, आई आफ्रिकी-स्पॅनिश वंशाची, आणि धर्ममाता मान्तोनिका विल्सन ही सान्तेरियाची मानलेली पुजारीण. म्हणजे मेंदिवे यांचेच गोत्र. 1978 साली लाम यांना पक्षाघाताचा झटका आला आणि 1982 मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षे त्यांनी चाकांच्या खुर्चीत काढली, काम न थांबवता. त्यांना ‘अपंग चित्रकार’ असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि म्हणूही नये. ‘जंगल’ हे त्यांचे महाचित्र 1943 साली पुरे झाले आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते दोनच वर्षांत विकत घेतले. पुढे बराच काळ ते कोट ठेवण्याच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर टांगलेले असे, हा वेगळा अपमान. मुद्दा एवढाच, की कीर्ती आधी आली आणि खुर्ची नंतर, म्हणून खुर्ची तळटीपेत राहिली. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस हेही अखेरीस खुर्चीत बसूनच कागद कापत होते. ज्यांचे नाव आधी मोठे झाले नाही, त्यांच्या बाबतीत मात्र खुर्चीच मथळा होते. अपंगत्वाने चित्र खरोखर उलगडत असते, तर ते लाम आणि मातीस यांच्याही बाबतीत पहिल्याच वाक्यात आले असते.

नुसत्या लेबलावरून चित्राचे काय होऊ शकते याचा एक टोकाचा दाखला मेंदिवे यांच्याच वाट्याला आला. एप्रिल 1988 मध्ये मायामीतल्या क्युबन कला आणि संस्कृती संग्रहालयाने एक लिलाव केला. त्यात क्युबात राहणाऱ्या, सरकारशी संबंध न तोडलेल्या चित्रकारांची चित्रेही होती, आणि त्यावरून निर्वासित क्युबनांमध्ये संतापाची लाट होती. मेंदिवे यांचे ‘मोर’ हे चित्र एका माणसाने 500 डॉलरला विकत घेतले, बाहेर रस्त्यावर आणले आणि जाळले. पुढच्याच महिन्यात संग्रहालयाच्या आवारात बॉम्ब फुटला. जाळणाऱ्याच्या दृष्टीने त्या चित्राचा विषय ‘कास्त्रोचा चित्रकार’ एवढाच होता. सान्तेरियात मोर हा ओचूनचा पक्षी. कथा अशी, की पृथ्वीवर दुष्काळ पडला तेव्हा ओचून मोराच्या रूपात आकाशात झेपावली, सूर्याच्या आचेने तिची पिसे करपली, आणि ती देवाच्या दारी पोचली तेव्हा तिचे गिधाड झाले होते. तिच्या त्या कष्टांमुळे पाऊस आला. रस्त्यावर मोराचे चित्र जाळणाऱ्याला आपण कोणत्या कथेत पाऊल टाकतो आहोत याची गंधवार्ता नव्हती. 2013 साली त्याच मायामीत फ्रॉस्ट कला संग्रहालयात मेंदिवे यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले, आणि रस्त्यावर काही जळले नाही.

राजकीय द्वेष आणि अपंगत्वाविषयीची कणव या एका मापाच्या गोष्टी नाहीत, हे मला कळते. एक चित्र जाळते, दुसरी हार घालते. तरीही हार घालणारी माणसेही पुष्कळदा चित्र न पाहताच परत जातात, एवढे साम्य उरते.

याला एक सबळ आक्षेप आहे, आणि तो अपंग हक्क चळवळीतूनच येतो. तो असा, की शरीराचा उल्लेख टाळणे म्हणजे शरीराची लाज बाळगणे. शतकानुशतके अपंग माणसे घराच्या मागच्या खोलीत ठेवली गेली, आता त्यांच्यातला कोणी भिंतीवर आला तर त्याची ओळख का झाकायची? ज्या मुलीला पोलिओ झाला आहे, तिला आपल्यासारखा कोणी चित्रकार आहे हे कळायला नको का? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. मेक्सिकोच्या फ्रिदा काहलो यांनी आपला मोडलेला कणा स्वतः रंगवला. तिथे अपघाताविषयी मौन बाळगणारा मार्गदर्शक मूर्ख ठरेल. म्हणून माझा आग्रह उल्लेखाच्या बंदीचा नाही. जिथे चित्र स्वतः बोलते, किंवा चित्रकार स्वतः सांगतो, तिथे ते ठळकपणे यावे. जिथे तसे नाही, तिथे ती माहिती चरित्राच्या पानावर, जन्मगाव आणि शिक्षण यांच्या ओळीत असावी. त्या मुलीला ती तिथेही सापडेल, आणि शिवाय तिला हेही दिसेल की या माणसाला लोक त्याच्या चित्रांसाठी ओळखतात. माझ्या मते तिच्यासाठी ही दुसरी माहिती पहिलीपेक्षा जास्त मोलाची आहे.

स्वतंत्र ‘अपंग कलावंत प्रदर्शन’ भरवण्याच्या प्रथेविषयी मी अधिक कठोर आहे. तोंडाने किंवा पायाने चित्र काढणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची भेटकार्डे आपल्याकडे मुंबईहून घरोघर पोचत असत. अनेक वाचकांना ती आठवत असतील. 1950 च्या दशकात ती संघटना उभारणाऱ्या एरिख श्टेगमान यांचा हेतू भीक नको, कमाई हवी हा होता, आणि सभासदांना त्यातून नियमित उत्पन्न मिळते, हे मोठेच काम आहे. पण त्या कार्डावरच्या फुलदाणीकडे आपण कधी फुलदाणी म्हणून पाहिले का? कार्ड उलटून ते कशाने रंगवले हे वाचायचे, हळहळायचे, पैसे पाठवायचे. उदरनिर्वाहाच्या योजनेत हे चालेल. राष्ट्रीय कलादालनाने हीच पद्धत उचलली, की वेगळ्या दालनात, वेगळ्या निकषांवर, समाजकल्याणाच्या मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन करून चित्रे टांगली जातात, आणि मुख्य दालनाच्या निवडीत ती माणसे पुन्हा दिसत नाहीत. वेगळे दालन मुख्य दालनाला जबाबदारीतून मोकळे करते, हा त्याचा सर्वांत मोठा दोष.

क्युबात शारीरिक अपंगत्व असलेल्यांची राष्ट्रीय संघटना 1980 पासून काम करते आहे, अंधांची आणि बधिरांची त्याहून आधीपासून. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार क्युबाने आणि भारताने एकाच वर्षी, 2007 मध्ये, स्वीकारला. त्याचे 30 वे कलम असे सांगते, की अपंग व्यक्तींना आपली सर्जनशीलता विकसित करण्याची संधी मिळावी, आणि ती केवळ त्यांच्या हितासाठी नव्हे तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. आपल्या 2016 च्या अपंग हक्क कायद्याचे 29 वे कलम तर अधिक तपशिलात जाते: अपंग कलावंतांना आणि लेखकांना सोयी, पाठबळ आणि प्रायोजकत्व द्यावे, कला त्यांच्या आवाक्यात आणावी, कलाविषयक अभ्यासक्रमांची रचना त्यांना सहभागी होता येईल अशी बदलावी. कलमात कणवेचा एकही शब्द नाही. सगळी भाषा सोयींची आहे. मग प्रत्यक्षात कलादालनाला पायऱ्या का असतात, लिफ्ट माल नेण्यापुरतीच का असते, कार्यशाळेच्या जाहिरातीत सोबत्याच्या प्रवासखर्चाची तरतूद का नसते, आणि मूर्तिकलेच्या वर्गात बसून काम करता येईल अशा उंचीचे टेबल मागायला अर्ज का लागतो? या गोष्टींना पैसे लागतात आणि त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. सत्काराला शाल आणि श्रीफळ पुरते आणि छायाचित्र नक्की येते.

म्हणून कलासंस्थांनी कामाची विभागणीच बदलावी. निवड समितीसमोर चित्र, त्याचे माध्यम, वर्ष आणि चित्रकाराने स्वतः लिहिलेले टिपण एवढेच जावे. परंपरेतून आलेले काम असेल तर त्या परंपरेचा जाणकार समितीवर असावा. मेंदिवे यांच्यासारख्या चित्रकाराच्या कामावर मत देणाऱ्याला ओया कोण आणि ओसाइन कोण हे ठाऊक नसेल, तर त्याचे मत फक्त रंगांविषयीचे राहील. ज्याला चाकांची खुर्ची, सोबती, सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा जास्तीचा वेळ लागतो, त्याने ते निवड झाल्यावर व्यवस्थापनाला कळवावे आणि व्यवस्थापनाने विनातक्रार पुरवावे. आपल्याकडे अशा योजनांसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागतात. मागायचेच असेल तर ते हिशेब विभागाने मागावे आणि तिथल्या फायलीत लावून ठेवावे. चित्रे निवडणाऱ्यांच्या टेबलावर ते येण्याचे काही कारण नाही.